खरं सांगणं परवडलं पाहिजे

अपस्माराच्या रुग्णाला कायदा काय देतो आणि गाव काय देतं, हे दोन वेगळे हिशेब आहेत. ते समोरासमोर मांडावेत म्हणून हा संवाद. यातली आत्या जामखेड तालुक्यातल्या एका गावात आयुष्यभर आरोग्य कार्यकर्ती म्हणून वावरली; भाची जामखेडच्या कोर्टात वकिली करते. दोघी कल्पित आहेत. त्यांच्या बोलण्यातले कायदे, निकाल, संस्था आणि सालं मात्र खरी आहेत. वादाचं कारण कुठल्याही घरात घडावं असं आहे : गावातल्या एका मुलीचं लग्न ठरत आलंय, लहानपणापासून तिला फिट येत असत, आणि मुलाकडच्यांना ते सांगायचं की नाही यावर दोघींचं एकमत होत नाही.

भाची : आत्या, तू त्या मुलीच्या आईला गप्प बसायला सांगितलंस, हे मला पटलेलं नाही.

आत्या : पाहुणे पहिल्यांदा दारात येतील तेव्हा दवाखान्याची फाईल पुढं करू नकोस, एवढंच म्हणाले. तिला शेवटची फिट येऊन तीन वर्षं झालीत. रात्रीची गोळी ती चुकवत नाही, कॉलेज करते, शिलाईकाम करते. पण 'हिला फिट येतात' एवढं कानावर पडलं की पाहुणे चहा अर्धा ठेवून उठतात. तेच मुलगा पिणारा असला, तर 'लग्न झालं की सुधारेल' म्हणून त्याला सोडून देतात. मी हे पाहत आले आहे. खरं बोलायची किंमत एकट्या पोरीनं का मोजायची?

भाची : कारण ते लपवलं तर पुढे त्याहून मोठी किंमत तिलाच मोजावी लागेल. १९५५च्या हिंदू विवाह कायद्यात १९७६ साली एक दुरुस्ती झाली. लग्नाला कोण लायक नाही हे सांगणाऱ्या कलम ५मध्ये वेडाच्या वारंवार येणाऱ्या झटक्यांशेजारी अपस्मार नेऊन बसवला. फिट येणाऱ्या माणसाचं लग्न त्यामुळे कोर्टातून रद्द करून घेता येई. विशेष विवाह कायद्यातही तीच अट होती. डॉक्टरांनी आणि रुग्णांच्या संघटनांनी पाठपुरावा केला आणि डिसेंबर १९९९मध्ये दोन्ही कायद्यांतून अपस्मार काढून टाकण्यात आला. आता फिट येते म्हणून कुणाचं लग्न बेकायदा ठरत नाही.

आत्या : म्हणजे तेवीस वर्षं कायदाच आमच्या पोरींच्या विरोधात उभा होता. मग गाव शहाणं कुठून होणार?

भाची : खरंय. पण तो अडसर आता गेलाय. घटस्फोटाचंही तसंच. २०२३ साली मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठापुढे एका नवऱ्याचं अपील आलं होतं. बायकोला अपस्मार आहे, तो बरा न होणारा रोग आहे, म्हणून घटस्फोट द्या, असं त्याचं म्हणणं. तिला हा आजार असल्याचंच पुराव्यात नीट दिसत नव्हतं. कोर्ट मात्र तेवढ्यावर थांबलं नाही. अपस्मार असला तरी तो असाध्य रोग नाही, मनोविकारही नाही आणि त्या कारणावर घटस्फोट मिळणार नाही, असं दोन न्यायमूर्तींनी स्पष्ट लिहिलं आणि अपील फेटाळलं.

आत्या : मग तर प्रश्नच मिटला. आजार लग्नाच्या आड येत नाही, घटस्फोटाचं कारण होत नाही, तर सांगायचं कशाला?

भाची : तिथंच गफलत होते. आजार कारण होत नाही, पण लपवणूक होऊ शकते. कलम १२मध्ये फसवून मिळवलेल्या संमतीची गोष्ट आहे. सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीला मुंबई उच्च न्यायालयापुढे असंच प्रकरण आलं होतं. मुलीच्या फिट्स लपवून ती निरोगी आहे असं सांगितलं, म्हणून लग्न रद्द करा, अशी नवऱ्याची मागणी. कोर्टानं ती मान्य केली नाही. बऱ्या होण्याजोग्या आजाराबद्दल गप्प राहणं म्हणजे कायद्याच्या अर्थानं फसवणूक नव्हे, असा तो निकाल. पण १९७६च्या त्याच दुरुस्तीनं कलम १२ रुंद केलं. जोडीदाराबद्दलची कुठलीही महत्त्वाची वस्तुस्थिती लपवून संमती घेतली असेल तर लग्न रद्द करायला मागता येतं, असं त्यात आलं. १९९९ साली अपस्मार कलम ५मधून गेला, कलम १२ची रुंदी तशीच राहिली.

आत्या : म्हणजे एका हातानं दिलं आणि दुसरा हात तसाच उगारलेला.

भाची : त्यालाही आवर आहे. फसवणूक कळल्यापासून वर्षाच्या आत अर्ज करावा लागतो, आणि कळल्यावरही नवरा राजीखुशीनं नांदला असेल तर तो अर्ज टिकत नाही. पण तोवर पोरीला कोर्टाच्या पायऱ्या चढाव्या लागतात, साक्षी द्याव्या लागतात. साखरपुड्याआधी नीट सांगितलं असेल आणि त्याचा पुरावा जपला असेल, तर पुढे कुणी 'आम्हाला फसवलं' म्हणू शकत नाही. खरं सांगणं हे तिचं संरक्षण आहे, आत्या.

आत्या : कोर्टातलं. आणि गावातलं? तू कागद वाचतेस, मी माणसं पाहिलीत. आरोळे डॉक्टर आणि मेबल मॅडम १९७० साली जामखेडला आले. त्यांनी गावागावातल्या बायका निवडल्या. कित्येकींना अक्षरओळख नव्हती, कित्येकींना गाव शिवून घेत नव्हतं. त्यांनाच बाळंतपण, जुलाब, खोकला, चट्टा ओळखायला शिकवलं. कुष्ठाच्या माणसाला तेव्हा गावाबाहेर काढत. डॉक्टरांच्या आरोग्य प्रकल्पानं त्यांची वेगळी वसाहत बसवली नाही. आमच्यासारख्या बायका घरी जाऊन गोळ्या देत राहिल्या आणि दवाखान्यात कुष्ठाचा माणूस बाकीच्यांच्याच रांगेत बसला. महिला मंडळात, शेतकरी मंडळात त्यावर बोलणं झालं. भीती तशी गेली. १९७९ साली दोघांना मॅगसेसे पुरस्कार मिळाला, तो अशाच कामासाठी. कुष्ठावरून घटस्फोट देणारं कलम कधी गेलं सांग बरं?

भाची : २०१९ साली. पाच कायद्यांतून एकाच वेळी काढलं.

आत्या : बघ. या भागातली कितीतरी गावं कायद्याच्या चाळीस वर्षं पुढे होती. माणसाचं मन आधी वळतं, कायदा मागून येतो.

भाची : आणि ज्या गावात आरोळे पोचले नाहीत, तिथल्या बाईनं काय करायचं? गावाचं मन वळेपर्यंत माहेरी बसायचं? लग्नानंतर फिट आली म्हणून सुनेला रातोरात बाहेर काढलं, तर २००५चा कौटुंबिक हिंसाचारविरोधी कायदा तिला त्या घरात राहायचा हक्क देतो. घर कुणाच्या नावावर आहे हे बघत नाही. वकिलाचे पैसे नसतील तर १९८७च्या विधी सेवा कायद्याप्रमाणे बाईला फुकट वकील मिळतो, तिचं उत्पन्न कितीही असो. त्यासाठी तालुका विधी सेवा समितीकडे साधा अर्ज पुरतो. गावाच्या मनावर तिचं छप्पर अवलंबून ठेवू नकोस.

आत्या : हे मान्य. पण मी ज्यांना गोळ्या दिल्या त्यांच्या अडचणी कोर्टाच्या अलीकडच्या असतात. फिट आली की अजून चप्पल हुंगवतात, कांदा फोडून नाकाशी धरतात, दातात चमचा घालतात. कुशीवर वळवा, डोक्याखाली मऊ काही ठेवा, तोंडात काही घालू नका, पाच मिनिटांत थांबली नाही तर गाडी बोलवा, हे इतकंच करायचं असतं. पण आधी धावतात देवऋषाकडे.

भाची : त्यावरही महाराष्ट्रात कायदा आहे. अंधश्रद्धेविरुद्ध लढणाऱ्या दाभोलकरांचा ऑगस्ट २०१३मध्ये खून झाला, त्यानंतर लगेच वटहुकूम निघाला आणि डिसेंबरात जादूटोणाविरोधी कायदा झाला. भूत उतरवायच्या नावाखाली माणसाला दोरीनं किंवा साखळीनं बांधणं, काठीनं नाहीतर चाबकानं मारणं, पादत्राणं भिजवलेलं पाणी पाजणं, मिरचीची धुरी देणं, हे सगळे त्यात गुन्हे आहेत. सहा महिन्यांपासून सात वर्षांपर्यंत कैद आहे. फिट येणाऱ्या पोरासोरांवर हेच प्रकार होत आलेत.

आत्या : त्या कायद्याचा मला उपयोग झालाय. तक्रार करून नव्हे. 'आता याला तुरुंग आहे बरं का' एवढं म्हटलं की माणसं थबकतात, आणि त्या थबकण्यात मला डॉक्टरांचं नाव सांगता येतं.

भाची : म्हणजे कायदा गावात काम करतो.

आत्या : करतो, माझ्या हातून. तेच मी सांगतेय. आता ऊसतोडीचं बघ. दसरा-दिवाळी झाली की आपल्याकडची माणसं कारखान्याला जातात. नवराबायको मिळून एक कोयता, मुकादमाकडून उचल घेतलेली, हंगाम संपून पट्टा पडेपर्यंत सुटका नाही. रात्री-अपरात्री गाडी भरायची, झोप नाही. झोप तुटली की फिट येते. सोबत नेलेल्या गोळ्या दोन महिन्यांत संपतात, परमुलखात दवाखाना कुठला माहीत नसतो. एकदा फडात फिट आली की मुकादम पुढच्या वर्षी त्या जोडीला टोळीत घेत नाही. अशा बाईनं आधीच सांगितलं असतं तर कोयताच मिळाला नसता. सांग, तिनं खरं बोलावं?

भाची : याला माझ्याकडे चांगलं उत्तर नाही, कारण तिथे करार तोंडी असतो. दिव्यांग हक्क कायदा २०१६चा. त्याच्या यादीत एकवीस प्रकार आहेत. दीर्घकाळच्या मज्जासंस्थेच्या आजारांखाली मल्टिपल स्क्लेरोसिस आणि पार्किन्सन ही नावं उदाहरणादाखल आहेत. अपस्माराचं नाव नाही. उदाहरणं आहेत म्हणजे यादी बंद नाही, असा युक्तिवाद मी करीन. पण आरक्षणासारख्या सवलतींना चाळीस टक्के अपंगत्वाचा दाखला लागतो, आणि महिन्यातून दोन मिनिटं येऊन जाणाऱ्या फिटची टक्केवारी कशी काढायची, इथं घोडं अडतं. सरकारी नोकरीत असताना अपंगत्व आलं तर काढून टाकता येत नाही, असं कलम २० म्हणतं. फडातल्या बाईपर्यंत ते पोचत नाही.

आत्या : माझ्या बहुतेक पेशंटांना दाखला नकोच आहे. त्यांना काम पाहिजे. नीट औषध मिळालं तर दहातल्या सात जणांच्या फिट थांबू शकतात, हे जागतिक आरोग्य संघटना सांगते. उरलेल्या तिघांना दाखला पाहिजे, पेन्शन पाहिजे. तुमचा कायदा या दोघांना एकाच मापानं मोजतो.

भाची : विम्यातही तेच झालं. २०१९ साली विमा नियामकानं काही आजारांची यादी काढली. ते आधीपासून असतील तर कंपनीनं पॉलिसी द्यावी, पण त्या आजाराचा खर्च कायमचा वगळला तरी चालेल, अशी मुभा दिली. त्यात अपस्मार होता. फॉर्मवर खरं लिहिलं तर तोच आजार सोडून बाकी सगळ्याचा विमा. खोटं लिहिलं तर माहिती दडवल्याचं कारण दाखवून दावा नाकारला जाऊ शकतो.

आत्या : आणि शाळा? मास्तर म्हणतात, पोराला घरी ठेवा, वर्गात फिट आली तर जबाबदारी कुणाची?

भाची : तिथे मात्र कायदा ठाम आहे. शिक्षण हक्क कायद्याचं कलम १६ सांगतं की आठवीपर्यंत कुठल्याही मुलाला शाळेतून काढता येत नाही. मास्तरांना प्रथमोपचार शिकवा, मूल घरी बसवू नका. आता वाहन परवान्याचं विचारते. तू गप्प राहा म्हणणारी. जीप चालवणाऱ्या पोरानं आरटीओच्या फॉर्मवर काय लिहावं? परवाना मागताना फॉर्म नंबर एकमध्ये अपस्मार किंवा अचानक शुद्ध हरपण्याचा त्रास आहे का, असं स्पष्ट विचारतात.

आत्या : तिथं खरं लिहायचं. फिट येत असताना गाडी हातात घ्यायची नाही. जामखेड-बीड रस्त्यावर दहा माणसं भरलेली जीप आणि चालवणाऱ्याला फिट, विचारसुद्धा नको. तिथं मी कुणाचं ऐकत नाही.

भाची : आणि 'हो' लिहिलं की परवाना नाकारला जातो, फिट थांबून पाच वर्षं झाली असली तरी. म्हणून जो तो 'नाही' लिहितो, ज्याला मागच्या आठवड्यात फिट आली तोसुद्धा. इंग्लंडमध्ये साधारण एक वर्ष फिट आली नाही तर मोटारीचा परवाना परत मिळतो. ट्रक-बससाठी नियम फार कडक आहेत, औषधाशिवाय दहा वर्षं. तिथल्या माणसाला खरं बोलून वाट बघण्यात काही मिळतं. आपल्याकडे खरं बोलून कायमची बंदीच मिळते. रस्ता त्यानं सुरक्षित होत नाही.

आत्या : हे मी असं पाहिलं नव्हतं. मला वाटायचं बंदी जितकी कडक तितकं बरं.

भाची : मग लग्नातच तुझा नियम वेगळा का?

आत्या : कारण लग्नात फिट आली तर दुसऱ्याचा जीव जात नाही. ज्याच्यापासून दुसऱ्याला धोका त्यानं सांगायचं, बाकीच्यांनी आपलं आपल्यापाशी ठेवायचं. इतका माझा नियम साधा आहे.

भाची : बरं. एकच सांग. त्या मुलीनं सासरी गोळी कुठे ठेवायची?

आत्या : म्हणजे?

भाची : रोज रात्रीची गोळी. दोन खोल्यांचं घर, सासू, नणंद, कपाटाची किल्ली सासूकडे. लपवलंय म्हणजे गोळीही लपवायला लागणार. पाहुणे आले, राहून गेली. माहेरून डबी आणायला उशीर झाला, संपली. तूच शिकवलंस ना, की औषध एकदम तुटलं तर आधीपेक्षा मोठी फिट येते?

आत्या : येते. एकामागून एक येतात. त्यात जीव जाऊ शकतो.

भाची : आणि दिवस राहिले तर? व्हॅल्प्रोएटसारखं औषध गर्भाला घातक ठरू शकतं. मूल हवं असेल तर डॉक्टरांशी आधी बोलून औषध बदलायला लागतं, फॉलिक ॲसिड सुरू करायला लागतं. नवऱ्याला माहीतच नसेल तर हे बोलणार कोण? बहुतेक बायकांना निरोगी मुलं होतात, पण ती अशी काळजी घेऊन. तू म्हणतेस, दुसऱ्याला धोका असेल तर सांगायचं. इथे धोका तिला आहे आणि तिच्या बाळाला.

आत्या : गोळीचं मला आधी सुचायला हवं होतं. गोळी हेच माझं काम. ठीक आहे, सांगायचं. पण कसं आणि कुणाला, हे मी ठरवणार. बैठकीत वीस माणसांपुढं मुलीला मान खाली घालून बसवून नाही. आधी पोरापोरीला एकमेकांना बघू दे, बोलू दे. मनं जुळतायत असं दिसलं की साखरपुड्याच्या आत मुलाला आणि त्याच्या आईवडलांना डॉक्टरांकडे घेऊन जायचं. आम्ही सांगितलं तर ते रोगाचं नाव ऐकतील, डॉक्टरांनी सांगितलं तर उपचार ऐकतील.

भाची : हे माझ्यापेक्षा चांगलं आहे. मी एवढंच जोडते : त्या दिवशीच्या केसपेपरची प्रत मुलाकडे द्या आणि मेसेजवर पाठवून ठेवा, म्हणजे सांगितल्याचा पुरावा राहतो. आणि तू गावाबद्दल म्हणतेस त्यालाही कायदा आहे. खासगीपणा हा मूलभूत हक्क आहे, असं सर्वोच्च न्यायालयानं २०१७ साली नऊ न्यायमूर्तींच्या पीठातून सांगितलंय. ज्याच्याशी संसार करायचा त्याला कळायला हवं. भावकीला आणि शेजाऱ्यांना कळवायचं तिच्यावर कसलंही बंधन नाही.

आत्या : आणि मुलाकडच्यांनी ऐकून नकार दिला, वर गावभर केलं, तर? या भीतीवर तुझ्या कुठल्याही कलमाचा उतारा नाही. मी 'सांगा' म्हणतेय ते तिच्या गोळीसाठी. कायद्यावर विसंबून नाही.

भाची : ती भीती मी खोटी म्हणत नाही. म्हणून तर आधीच सगळं ठाऊक असलेली स्थळं हवीत. पुण्यात यशोदा वाकणकर यांनी स्वतः हा आजार भोगून 'संवेदना' हा आधारगट उभा केला, अपस्मार असलेल्यांची लग्नं जुळवायलाही सुरुवात केली. तिथे पहिल्याच भेटीत सगळं माहीत असतं. असं काही जिल्ह्याच्या ठिकाणी का नसावं?

आत्या : व्हावं. पण आधी उपकेंद्रात गोळी कायम मिळावी. फिनोबार्बिटोन ही जुनी, स्वस्त गोळी आहे, तीसुद्धा तुटते. ऊसतोडीला निघणाऱ्याला पट्टा पडेपर्यंतच्या गोळ्या एकदम मिळाव्यात आणि कारखान्याच्या गावातल्या दवाखान्याला त्याचं नाव कळावं. हे झालं तर सांगण्यातली अर्धी भीती जाईल, कारण गावाला फिट दिसणारच नाही.

भाची : माझी यादी ऐक. परवान्याला ठरावीक काळाची अट असावी, डॉक्टरांच्या दाखल्यावर. विम्यात कायमची वगळणूक नसावी, प्रतीक्षाकाळ असावा. दिव्यांग कायद्याच्या यादीत औषधानं न थांबणाऱ्या अपस्माराचं नाव स्पष्ट यावं. आणि ज्यानं लग्नाआधी सांगितलं त्याच्यामागे कायदा ठामपणे उभा आहे, हे ग्रामसभेत, महिला मंडळात सांगितलं जावं. या सगळ्यात एकच मागणी आहे. जिथे जिथे व्यवस्था या माणसाला 'तुला फिट येते का' असं विचारते, तिथे 'हो' म्हणणाऱ्याचं नुकसान होता कामा नये. आज खोटं बोलणारा निभावून नेतो आणि खरं बोलणारा अडकतो. असा नियम माणसांना लपायला शिकवतो आणि मग लपल्याबद्दल शिक्षा करतो.

आत्या : तोवर मी मुलींना 'घाई करू नका' म्हणणारच.

भाची : म्हण. मी त्यांना 'लपवू नका' म्हणत राहीन. या मुलीपुरतं तरी दोघींचं जमलंय. डॉक्टरांची वेळ तू घे, मुलाच्या घरी मी बोलते.

आत्या : मुलाच्या आईशी मी बोलेन. तू कलमं सांगशील आणि ती घाबरेल. तू मुलाशी बोल. त्याला सांग, बायकोची रात्रीची गोळी लक्षात ठेवणं हे नवऱ्याचंही काम आहे. हे ऐकून तो काय म्हणतो, त्यावरून स्थळ चांगलं की वाईट ते आपल्यालाही कळेल.